डाग न पडणारे लंगोट

माझ्या नातीचे लंगोट मी धूत होते, हे आधीच सांगून टाकते. उगाच दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला नको.

मुलगी बाळंतपणाला बडोद्याला, आमच्या प्रतापनगरच्या घरी आली ती डायपरचा खोका घेऊनच. मी तो माळ्यावर टाकला. मी सुती लंगोट शिवून ठेवले होते ते काय फरशी पुसायला? शिवाय बाळंतिणीने सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही, हा माझ्या आईचा नियम मी मोडणार नव्हते. लंगोट बदलायची मी, धुवायची मी. मुलीने फक्त पाजायचं.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. आधी काळी चिकट शी, मग पिवळी, पातळ, मोहरीच्या दाण्यांसारखी. दर दुधाला व्हायची म्हणून मुलगी घाबरली. मी म्हटलं, अंगावर पिणारं पोर असंच करतं, जुलाब नाहीत ते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. झालं, तेव्हापासून घरात माझा शब्द शेवटचा.

दुसऱ्या आठवड्यानंतर रंग उतरायला लागला. फिकट झाली, मग पांढुरकी, खडू भिजवल्यासारखी. मी मनाशी म्हटलं, दूधच पितेय, दुधासारखीच होणार. लंगोटाला डाग म्हणून राहत नव्हता. दोरीवर वाळत घातलेले बघून शेजारच्या बेन म्हणाल्या, "मासी, एकदम चोख्खा!" मी अशी फुशारले की विचारू नका.

"आई, हिचे डोळे पिवळे दिसतात गं," मुलगी एकदा म्हणाली.

"डाळीच्या पिठात हळद घालते मी आंघोळीला. पिवळी दिसणारच."

डोळ्यांत कुणी हळद घालतं का? पण मी ठासून बोलले आणि तिने ते खरं धरलं. बाळाची शू गडद व्हायला लागली, तर तिलाच रागावले, तू पाणी कमी पितेस म्हणून. पोट जरा टणक लागायचं. मी हिंग लावत होते.

दीड महिन्याच्या लसीला गेलो. टोचायच्या आधी तिथल्या सिस्टरनी लंगोट सोडला आणि तशाच थांबल्या.

"शी रोज अशीच होते?"

"रोज," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ. डागसुद्धा पडत नाही."

त्यांनी लस बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, पापणी ओढून पाहिली, मग लंगोट खिडकीपाशी नेला. शीला पिवळा रंग येतो तो पित्ताचा, ते म्हणाले. पांढरी शी म्हणजे पित्त आतड्यात उतरतच नाही, यकृतातच साठतंय. ऑपरेशन करावं लागेल, तेही बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत. मग त्यांनी मुलीला विचारलं, "केव्हापासून पांढरी होतेय?"

तिला कुठे माहीत होतं? ती माझ्याकडे बघायला लागली. तिची ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"महिना झाला असेल," मी म्हटलं.

ऑपरेशन झालं. आतडं थेट यकृताला जोडलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लंगोटात हिरवट-पिवळा डाग दिसला आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडले. पण डॉक्टरांनी बजावलं, रंगावर रोज लक्ष ठेवा. पुन्हा पांढरी झाली तर पोर लगेच घेऊन या. हे ऑपरेशन टिकलं नाही, तर पुढे यकृतच बदलावं लागेल.

नात आता सहा महिन्यांची होत आली. अजून दोघी इथेच आहेत. लंगोट मुलगी स्वतः बदलते, स्वतः धुते, मला हात लावू देत नाही. रोज सकाळी पहिला लंगोट घेऊन ती गॅलरीत उजेडाला जाते. मी ओट्यापाशी उभी असते. "पिवळी," एवढंच ती म्हणते, मग मी चहाखालचा गॅस पेटवते. आमच्यात सकाळचं बोलणं तेवढंच.

आज बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मी काडी हातात धरून उभीच.

"आई," ती गॅलरीतून म्हणाली, "जरा इकडे येऊन बघतेस?"