गनीभाईंनी घेतलेलं सर्व्हरचं माप

नगर जिल्ह्यातल्या अकोले गावच्या बाजारपेठेत गनीभाईंचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या काचेत दिवसभर दात हसत असायचे. गनीभाई कवळ्या करायचे. स्वतःला डॉक्टर म्हणवून घेणं त्यांना आवडायचं नाही. कारागीर म्हटलं की मात्र मान ताठ व्हायची. गुलाबी मेणात माणसाच्या तोंडाचं माप घ्यायचं, त्यावर दात बसवायचे, आणि बसेना तिथं कानशीनं हलकं घासायचं, असा त्यांचा जन्म गेला. प्रवरेच्या दोन्ही काठांवर त्यांच्या दातांनी शेंगदाणे फोडणारी माणसं होती. गनीभाई माणसाचं नाव विसरत, जबडा विसरत नसत. मी त्यांचा शेजारी, कापडाचा दुकानदार. त्यांच्याकडे गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे आणि माझ्याकडे नसलं की ते इकडे.

दुकानावरच्या खोलीत त्यांची मुलगी हुमेरा संगणकाचा वर्ग घ्यायची. अठ्ठ्याण्णव साल असेल. तिथं एक मोठं मशीन होतं, हुमेरा त्याला सर्व्हर म्हणायची. त्याच्या तारांना पाच पडदे जोडलेले. मोठं मशीन चाललं तर पाचही चालत, ते बसलं की सगळेच आंधळे. राजूर, कोतूळ भागातल्या मुली जीपनं शिकायला यायच्या आणि जिना चढताना जो गलका करायच्या, त्यानं काचेतल्या कवळ्यासुद्धा थरथरायच्या.

येत्या सोमवारी पुण्याहून परीक्षेचे साहेब वर्ग तपासायला येणार होते. त्यांनी मान्यता दिली, तर परीक्षा अकोल्यातच होणार. नाही दिली, तर संगमनेरला जावं लागणार, आणि डोंगरातले बाप मुलींना अकोल्यापुढे धाडायला तयार नव्हते. म्हणजे त्यांचं शिकणं तिथंच थांबणार.

आणि गुरुवारी मशीन बसलं.

"अब्बा, प्रोसेसर जळालाय," हुमेरा जिन्यावरून रडवेल्या आवाजात म्हणाली.

"म्हंजे काय जळालं?"

"मशीनचा मेंदू."

"मेंदूचं काम आपल्याकडं न्हाई बेटा," गनीभाई हळहळले. "जबड्याचं असतं तर बघितलं असतं."

हुमेरानं जळालेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. बिस्किटाएवढी चौकोनी पाटी, आणि तिच्या पोटाखाली सुईसारख्या बारीक दांड्यांच्या रांगाच रांगा. गनीभाईंनी तो उलटा केला, भिंगातून पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, दुकानात दिवा लागला.

"अगं, हे तर दात हाईत! एवढे दात एका तोंडात! आता ह्यो माझा पेशंट."

नवा प्रोसेसर परवडणारा नव्हता. हुमेरानं नगरला फोन लावला. तिथं आबासाहेब नावाचे एक व्यापारी बंद पडलेल्या कारखान्यांचे संगणक उचलायचे. सर्व्हरमधून काढलेले प्रोसेसर त्यांच्याकडे अर्ध्या किमतीत होते. अट एकच, एकदा नेला की परत घेणार नाही. हुमेराला वर्ग सोडता येईना. मुलींचा सराव ती कागदावर बटणं काढून चालवत होती.

"अब्बा, दोन गोष्टी बघायच्या," तिनं बजावलं. "आपल्या मशीनमध्ये तो बसला पाहिजे, आणि व्होल्टेज जुळलं पाहिजे. जुन्याला तीन पॉइंट तीन लागायचं. तेवढ्याचाच आणा."

"बसवायचं मला शिकवतीस व्हय?" म्हणत गनीभाईंनी गुलाबी मेण कोमट केलं, जळालेला प्रोसेसर त्यात अलगद दाबला आणि उचलला. मेणावर भोकांची नक्षी उमटली. रांगोळीचे ठिपकेसुद्धा इतके नीट पडत नाहीत. ते मेण त्यांनी डब्यात ठेवलं आणि मला म्हणाले, "चल रे, सोयरीक बघायला जायचंय."

नगरच्या दुकानात आबासाहेबांनी डबा उघडलेला पाहिला आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. डब्यात मेणाशेजारी कुणाची तरी कवळी होती.

"चाचा, हे दुकान संगणकाचं आहे!"

"तुमचे दात दाखवा," गनीभाई शांतपणे म्हणाले. "म्हंजे तुमच्या मालाचे."

आबासाहेबांनी पहिलाच जो काढला, तो पाहायला आम्ही दोघं टेबलावर वाकलो. हाताला जड, आणि माथ्यावर सोन्याचा पत्रा. "खास सर्व्हरचा," आबासाहेब म्हणाले. "ताकदीला पहिलवान. ह्याला कुणी विचारत नाही म्हणून फुकटात जातोय."

गनीभाईंनी तो दोन्ही हातांत धरला. "सोन्याचा दात," ते पुटपुटले. त्यांनी तो मेणावर ठेवला. लांबीला तो बाहेर आला आणि दांड्यांची रांग कुठंच जुळेना. पण सोन्याची भूल उतरत नव्हती. त्यांनी खिशातून कानशी काढली.

"थोडं कडेनं घासलं की बसंल."

"चाचा! नका! अहो, नका!" आबासाहेब टेबलावरून अर्धे आडवे झाले आणि दोन्ही हातांनी त्यांनी प्रोसेसर झाकला. "घासून कधी बसतो का हा! ह्याला वेगळंच मशीन लागतं!"

"मग तसं आधी सांगायचं. पाहुण्याला सोनं दाखवून काय भुलवता?"

आबासाहेबांना इतकं हसू आलं, की त्यांनी चहा मागवला. मग त्यांनी एकामागून एक चौकोनी प्रोसेसर काढले. गनीभाई एकेक मेणावर धरायचे, मान हलवायचे. आणि एक असा आला, की जराही दाब न देता सगळ्या दांड्या सगळ्या भोकांत उतरल्या. गनीभाईंनी बोट काढून घेतलं. तो आपला बसून राहिला.

"बसला!" गनीभाई ओरडले. "बघ रे, बसला! जन्माला येताना एकत्रच आले असतील दोघं!"

त्यांनी आबासाहेबांना मिठी मारली, मला मारली, चहावाल्यालाही सोडलं नाही. व्होल्टेज नावाची काही गोष्ट जगात आहे, हे त्या आनंदात आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. परतीच्या एसटीत त्यांनी डबा उघडून सगळ्यांना दाखवला. कंडक्टरनंही दोनदा पाहिला.

घरी हुमेरानं प्रोसेसर उलटा करून त्यावर छापलेला आकडा वाचला आणि तिचा चेहरा पडला.

"अब्बा, हा दोन पॉइंट आठचा आहे. आपल्या मशीननं ह्याला तीन पॉइंट तीन दिलं, तर हाही जळेल."

गनीभाई मटकन बसले. "पण बेटा, बसला हुता गं. सुरेख बसला हुता."

"बसतोय. पण ह्याला आपला घास सोसणार नाही."

मुबारकबी, गनीभाईंची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली. हुमेरानं मशीनचं पोट उघडलं आणि ती वाकून बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "अब्बा, भिंग द्या."

आतल्या हिरव्या पाटीवर मुंगीएवढ्या अक्षरांत एक तक्ता छापलेला होता. त्याच्याशेजारी चार खिळे आणि त्यांवर एक काळी टोपी. टोपी जागेवरून हलवली, की मशीन द्यायचं व्होल्टेज बदलायचं. तक्त्यात दोन पॉइंट आठही होतं. पण ती टोपी तांदळाच्या दाण्याएवढी, हुमेराच्या चिमटीत येईना.

"तू जागा सांग," गनीभाईंनी चिमटा उचलला. "कुठं बसवू?"

"दुसऱ्या आणि तिसऱ्यावर."

टोपी बसली. प्रोसेसर बसला. हुमेरानं बटणावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. "चुकलं असेल तर?"

"दाब गं माझे आई," मुबारकबी म्हणाली.

मशीननं एक बारीक शीळ घातली, पंखा घुरघुरला, आणि पडदे एकामागून एक उजळत गेले. शेवटचा जरा रेंगाळला, तर गनीभाई त्यालाच म्हणाले, "चल की रं बाबा!" आणि तोही उजळला. मग त्या खोलीत बापलेक हात धरून लहान मुलांसारखी गोल फिरली. मुबारकबीनं तांब्यातलं पाणी हसता हसता स्वतःच्याच अंगावर सांडलं.

सोमवारी साहेब आले. मुलींची बोटं इतकी भराभर चालत होती, की साहेब चष्मा काढून बघत राहिले. गनीभाई दारात उभे होते आणि साहेबांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. हुमेरा डोळ्यांनीच त्यांना दटावत होती, अब्बा, आत्ता नको. साहेबांनी मान्यतेची सही केली. मुलींनी असा कल्ला केला, की खाली माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक कापड टाकून वर धावलं.

त्या गलक्यात हुमेरा बापाकडे वळली. "आता विचारा."

"साहेब," गनीभाई पुढं सरकले, "वरचा डावीकडचा कधी गेला? जरा आ करा बघू."

आणि पुण्याच्या साहेबांनी, इतक्या मुलींसमोर, निमूटपणे आ केला.