जुईचा बुंधा

यंदा आषाढात मी आमच्या फाटकावरची मधुमालती कापली. निदान दोन दिवस माझा तसाच समज होता.

नांदेडातल्या आमच्या घराला बाग म्हणावी इतकी जागा नाही. फाटकावर लोखंडी कमान आहे, तिच्यावर मधुमालती आणि जुई एकमेकींत गुंतलेल्या. मधुमालती मी हौसेनं लावली. ती पार विजेच्या तारेपर्यंत पोचली. जुई बायकोची. उमरीला तिच्या आईच्या दारात जो वेल आहे, त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं बसमधून आणलेली. भादव्यात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा दोघींच्या वेण्या याच जुईच्या. बाजारची फुलं बाकी आरासीला चालतात, वेणीला नाही.

तर सगळ्यात जाड दिसला तो बुंधा मी आरीनं कापला आणि वरचा पसारा आपोआप वाळेल म्हणून चहा प्यायला आत गेलो. तिसऱ्या दिवशी मधुमालती टवटवीत होती आणि जुईनं मान टाकली होती.

मला कळलं. पण बोललो नाही. बायको म्हणाली, "पावसानं ताण दिला ना, त्यानं असंल," आणि तांदूळ धुतलेलं पाणी घालू लागली. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. एकदा मीही घातलं, अगदी साळसूदपणे.

शेजारचे चाचा घरीच शिलाईकाम करतात. पाचव्या दिवशी ते भिंतीपलीकडून म्हणाले, "भाभी, कित्ता पानी डालते? ये तो नीचे से कटी हुई है. भाईसाब काटे ना उस दिन."

बायकोनं तांब्या खाली ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव."

"आन् मी पाणी घालून राहिले, ते तुम्ही बघत बसले?"

त्या दिवसापासून महालक्ष्म्यांचा विषय निघाला की ती फराळाचं बोलायची, साड्यांचं बोलायची, वेण्यांचं नाही.

भादवा आला तोवर बुंध्याला वीतभर फुटवे आले, कळी एकही नाही. महालक्ष्म्या यायच्या दिवशी मी सकाळच्या बसनं उमरी गाठली. सासूबाईंना सगळी बातमी आधीच होती. "जावईबापू, तुम्ही बाजेवर बसा," त्या म्हणाल्या, "कळ्या मी तोडते." दुपारी केळीच्या पानात बांधून दिल्या. घरी पोचेपर्यंत निम्म्या उमलल्या होत्या. बायकोनं पुडी उघडून वास घेतला आणि दोरा काढून बसली. वेण्या दोघींना पुरल्या.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्यावर तिनं चाचांकडून लाल कापडाची चिंधी आणली, जुईच्या बुंध्याला बांधली आणि मला हाक मारली.

"ही चिंधी दिसली की तिथून मागं फिरायचं," ती म्हणाली. "आन् न्हाई दिसली, तरी मागंच फिरायचं."