आमच्या चाळीतला बेसबॉलचा देखावा

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीच्या देखाव्याचं निवेदन लिहायचं आणि वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी विमा कंपनीत ग्राहकांना पत्रं लिहिते, त्यामुळे माझं मराठी चांगलं असणार असा मंडळाचा समज आहे. आजवर मी गड जिंकलेत, राक्षस मारलेत, पाणी वाचवलंय, प्लास्टिक टाळलंय. पण एका वर्षी मला अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमचा इतिहास सांगावा लागला, आणि त्याचं कारण होता माझा बालमित्र.

हा दुसऱ्या मजल्यावरचा. आम्ही एकाच गॅलरीत वाढलो. पुढे तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या एका मोठ्या बेसबॉल टीमच्या ऑफिसात तिकीट विभागात लागला. त्या वर्षी त्याने मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. "काका, यंदाचा देखावा माझ्याकडून. फक्त विषय मी देणार."

अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे काका. पंचाहत्तरीचे, टपाल खात्यातून निवृत्त, मूळचे मालवणकडचे, चिडले की मालवणीत शिरणारे. त्यांना वाटलं पोरगा अष्टविनायक वगैरे म्हणेल. त्यांनी आनंदाने हो म्हटलं. मग त्याने विषय सांगितला: आमच्या टीमच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण.

"बाप्पासमोर बेसबॉल?" रविवारच्या मीटिंगमध्ये एकच कालवा झाला. पण काकांनी शब्द दिला होता. ते म्हणाले, "शब्द दिलंय मी. आता बेसबॉल तर बेसबॉल."

मित्राने चार क्षण लिहून पाठवले. मी मीटिंगमध्ये वाचून दाखवले. पहिला, शेवटच्या डावात एका बॅटरने चेंडू थेट प्रेक्षकांत मारून टीमला करंडक मिळवून दिला तो. हे आमच्या जन्माआधी घडलेलं. त्यानंतर टीम मोठं काही जिंकलेली नव्हती. दुसरा, एका खेळाडूने भिंतीवर चढून झेल घेतला तो. तिसरा, चालू सामन्यात मैदानात कुत्रा शिरला आणि चेंडू घेऊन पळाला तो. आणि चौथा, एका खेळाडूने एकाच सामन्यात तीन बेस चोरले तो.

"चोरले?" काकांनी चष्मा काढला. "पोलिसांनी धरलं नाय?"

"नाही काका, बेस म्हणजे मैदानातले कोपरे, नजर चुकवून पळत गाठायचे. खेळातच असतं ते. लोक टाळ्या वाजवतात."

"वाजवूंदेत. बाप्पासमोर चोरी चालायची नाय."

चौथा क्षण तिथेच बाद झाला.

देखावा करणारे मूर्तिकार परळचे. त्यांच्या कारखान्यात आदल्या वर्षीच्या किल्ल्याच्या देखाव्यातले मावळे पडून होते, तेच त्यांनी वापरायला काढले. मी बघायला गेले तर टीमचे निळे-पांढरे कपडे घातलेले, कल्लेदार मिशांचे सहा वीर रांगेत उभे.

"दादा, मिशा काढा ना. अमेरिकन आहेत हे."

"मिशी काढली तर वरचा ओठ येतो सोबत," ते शांतपणे म्हणाले. "एकाचा आलाय."

पगड्याही निघत नव्हत्या. त्यावर त्यांनी उपाय केला होता. पगडीवरच स्कूटरची हेल्मेटं बसवली होती, सगळ्यांना, अगदी पंचालाही. कुत्र्याचं विचारलं तर म्हणाले, "आहेत की. दत्ताच्या देखाव्यातले."

"आहेत म्हणजे? मला एकच हवाय."

"ताई, चारांचा सेट आहे. एकाच फळीवर ठोकलेत."

गणपती बसले. पहिल्याच संध्याकाळी मंडपात ही गर्दी. दिवे मंद झाले, माझा रेकॉर्ड केलेला आवाज घुमला, "शेवटचा डाव. हजारो श्वास रोखलेले. आणि पाहा, हा चेंडू थेट प्रेक्षकांत!"

बॅटरने झोकात बॅट फिरवली. चेंडू मात्र अजून चेंडू टाकणाऱ्याच्या हातातच होता. बॅट फिरून पूर्ण थांबल्यावर तो तारेवरून हळूहळू निघाला, थरथरत आला आणि बॅटरच्या गुडघ्याला धडकून थांबला. मग टाळ्यांचा कडकडाट, तोही रेकॉर्ड केलेला.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "चुकला बिचारा." आणि सगळा मंडप हसायला लागला.

झेल घेणारा भिंतीवर अर्धाच चढला आणि हात वर करून तसाच लटकत राहिला. शेवटी चार कुत्र्यांची फळी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. माझं निवेदन म्हणालं, "इतक्यात एक खट्याळ कुत्रा मैदानात शिरला." मागून एक बाई ओरडली, "ताई, नीट मोजा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मूर्तिकारांना फोन केला. ते म्हणाले, बॅट फिरवणारी आणि चेंडू ओढणारी, या दोन मोटारींचा मेळ आता काही बसायचा नाही, वर बाप्पा बसलेत, मंडप खोलता येणार नाही. मग मीच दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि माईक घेऊन मंडपात बसले. रेकॉर्डिंग बंद. जे दिसेल ते सांगायचं. "बॅट फिरली. चेंडू अजून निघायचाय. निघाला. गर्दी आहे ना रस्त्यात, उशीर व्हायचाच. आला, आला... लागला गुडघ्याला. असू दे, पुढच्या खेळाला परत प्रयत्न करतील." कुत्र्यांच्या वेळी मी मुलांकडून मोठ्याने मोजून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी लोक करी रोडपासून चालत येऊ लागले. घसा बसला की काका मिठाच्या गुळण्यांसाठी गरम पाणी आणून द्यायचे आणि स्वतः माईक घ्यायचे. त्यांची कॉमेंट्री फारच कडक होती. "ह्येका काढा आणि दुसरो घाला," एवढंच ते बॅटरबद्दल म्हणायचे.

चौथ्या दिवशी देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले. दोन गृहस्थ आणि एक बाई. गंभीरपणे बघितलं, वहीत लिहिलं. जाताना बाईंनी माझा हात हातात घेतला. "अहो, इतका वेगळा विचार! इतकी हेल्मेटं, आणि मध्येच रस्त्यात येणारी कुत्री. वाहतूक सुरक्षेवर इतकं बोलकं कुणी केलं नव्हतं."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या पायावर पाय दिला. "आमची हीच तळमळ," ते म्हणाले.

आम्हाला सामाजिक संदेशाचं दुसरं बक्षीस मिळालं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मित्र अमेरिकेहून आला. मला त्याचीच भीती होती. टीमचा अभिमान त्याच्या डोळ्यांत मावत नव्हता. टीमची टोपी घालूनच आला होता. मी त्याला आधी चहा पाजला, सावकाश बोलत राहिले, पण काका घाईत होते. खेळ सुरू झाला. मी माईक बंद करून ठेवला. बॅट फिरली, थांबली, चेंडू थरथरत आला, गुडघ्याला लागला.

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. जवळ गेले तर तो हसत होता, डोळ्यांतून पाणी काढून.

"सॉरी रे," मी म्हटलं. "खूप प्रयत्न केला."

"अगं, सॉरी काय? आमची टीम अशीच खेळते! दहा वर्षं मी रोज हेच बघतोय. तुला कुणी सांगितलं?"

त्या दिवशी त्याने तो खेळ लागोपाठ नऊ वेळा पाहिला. काका शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्याला प्रश्न विचारत राहिले. चार कोपरे कशाला? हातमोजा एकाच हातात का? उभा आहे त्याला बाद का म्हणत नाहीत? मित्र जीव तोडून समजावत होता. जाण्याआधी त्याने काकांच्या फोनवर सामने दिसायची सोय करून दिली.

तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट-सकाळ. त्यामुळे हल्ली काका उजाडायच्या सुमारास गॅलरीत फोन भिंतीला टेकवून बसलेले असतात. बाजूला चहा, अंगावर शाल. अधूनमधून "पळ रे मेल्या!" असं ऐकू येतं आणि अख्ख्या मजल्याची झोप मोडते. कुणी बोललं तर म्हणतात, "तुमका काय कळता त्यातला?"

परवा सकाळी आमचं दार धडाधड वाजलं. आई घाबरून उठली. तिला वाटलं, चाळीत कुणीतरी गेलं. मी दार उघडलं. दारात काका, लुंगीवर, धापा टाकत.

"जिंकली!"

"कोण, काका?"

"आपली गो! सलग दुसरो सामनो!"

आईने छातीवरचा हात काढला, आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.