हॉलमधल्या समुद्राची साफसफाई

तुमच्यापैकी कोणी मले हुशार समजत असेल, तर तो गैरसमज आज काढूनच टाका! मी असा घोळ घालून बसलो आहे, की बायको चारचौघांत सांगून सांगून हसते. म्हटलं, तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान तिखटमीठ मी माझ्या सोयीनं लावीन.

तर मी पाणीवाला माणूस. म्हणजे पाण्याच्या खात्यात बत्तीस वर्षं इंजिनियर होतो. उमरेड-भिवापूरकडच्या किती गावांच्या टाक्या माझ्या हाताखालून गेल्या, मोजदाद नाही. टाकीत उतरायचं, भिंतीवरून बोट फिरवायचं आणि बोटाले हिरवं लागलं, की खालच्या माणसाची खैर नाही! माझं नाव ऐकूनच शेवाळ अंग चोरत होतं म्हणा ना.

आता असा माणूस रिटायर झाल्यावर मासे पाळायचे म्हणेल, तर साध्या गोड्या पाण्यातले कायले पाळेल? म्हटलं, समुद्रच आणू. नागपुरात समुद्र! आहे का हिंमत कोणाची?

खरं सांगायचं तर हे सारं माझ्या नातीपायी झालं. मिहू तिचं नाव, वय वर्षं सहा, मुक्काम पुणे. तिनं फोनवर विचारलं, "आबाजी, मी सुट्टीत आले तर तुमच्याकडे बघायला काय आहे?" मी बोलून गेलो, "तू ये तर खरी! हॉलमध्ये नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे फिरत असतील. अस्सल समुद्रातले!"

पोट्टी अशी किंचाळली, की माझा कान दोन दिवस वाजत होता. तिनं आपल्या साऱ्या वर्गाले सांगून टाकलं. आता नातीले दिलेला शब्द फिरवायचा तरी कसा?

टाकी बसवाले पंकज आला. पस्तिशीचा माणूस, लकडगंजात त्याचं दुकान. शांत, सावकाश, दोनदा विचार करून एकदा बोलणारा. म्हणजे माझ्या अगदी उलट. त्यानं काचेची टाकी मांडली, खारं पाणी भरलं, खाली वाळू, वर दगड रचले, पाणी थंड ठेवायची मशीन लावली.

"आता मासे?" मी म्हटलं.

"नाही काका. खाऱ्या पाण्याची टाकी आधी पिकावी लागते. दगडांत जिवाणू वाढतील, मंग काचेवर तपकिरी शेवाळ येईल, ते—"

"शेवाळ?" मी त्याले तिथंच अडवलं. "अरे, शेवाळाचं तू मले सांगून राहिला? बत्तीस वर्षं काय केलं मग मी?"

"तसं नाही काका, ऐका ना, ते आलं—"

"येऊच देत नाही ना! तू घरी जा, निवांत झोप."

वाक्य पूर्ण ऐकून घ्यायची सवय मले खात्यात कधी लागलीच नाही, त्याले मी काय करू?

दहा-बारा दिवस झाले आणि एका सकाळी पाहतो तर काय! काचेवर तपकिरी पूड पसरल्यासारखी. दगडांवरही तेच. मले असा चेव आला म्हणून सांगू! बाह्या सारल्या, ब्रश घेतला, काच घासली. सारे दगड बादलीत काढले, नळाखाली खसाखसा धुतले आणि नेऊन गच्चीवर वाळत घातले. एप्रिलचं ऊन, तासाभरात दगड खणखणीत!

बायकोचं वाळवण तिथंच होतं. ती वर आली आणि ओरडली, "अहो! माझ्या कुरडयांमधे हे काय टाकून ठेवलं?"

"समुद्राचा तळ आहे वं तो! जरा सरकव तुझ्या कुरडया."

"उद्या लाटा पण वाळत घालसान," म्हणाली आणि कुरडया उचलून गेली.

आठवड्यानं पंकजचा फोन. "काका, काचेवर तपकिरी दिसलं का काही?"

आता पाहा, खात्यात वरच्या साहेबानं विचारलं, टाकीत शेवाळ आहे का, तर त्याचं उत्तर जगात एकच असतं.

"एक डाग नाही!" मी छाती फुगवून सांगितलं.

"अच्छा?" तो विचारात पडला. "मंग थांबू अजून."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच उत्तर. "आरशासारखी आहे टाकी! तोंड पाहून दाढी करून घे!" "कमाल आहे काका. असं होत नाही. थांबू मंग."

मी इकडं रोज घासून राहिलो आणि दर रविवारी दगड गच्चीवर. तो तिकडं डोकं खाजवून राहिला. मी मनात म्हणतो, या माणसाले मासे द्यायचेच नाहीत. आणि तो मनात काय म्हणत असेल, ते आता मले चांगलं समजते.

मे उजाडला. मिहूची गाडी दोन दिवसांवर आली आणि टाकीत मासा तर सोडा, माशाची सावली नाही! मग मात्र माझं टाळकं सरकलं.

"पंकज, काहून टाळून राहिला गा तू? माझी नात येऊन राहिली परवा! मासे देते का नाही ते सांग!"

"काका, परवा सकाळी मी स्वतः येतो. टाकी तपासतो. ठीक दिसली तर मासे सोबतच आणतो."

तपासतो! म्हणजे इन्स्पेक्शन! अहो, इन्स्पेक्शन म्हटलं की माझ्यातला इंजिनियर जागा होतो. साहेबाचा दौरा असला, की आम्ही टाकीच काय, टाकीच्या बाजूचा दगडसुद्धा चुन्यानं रंगवत होतो. तो अख्खा दिवस मी टाकीले वाहिला. वाळू सात पाण्यांनी धुतली. दगडांले साबण लावला, उकळतं पाणी दाखवलं, मग ऊन दाखवलं. फिल्टरचा स्पंज साबणानं पिळून काढला. सारं पाणी बदललं. रात्री जेवताना हात वर उचलवत नव्हते, पण टाकी अशी चमकत होती!

ठरल्या सकाळी मिहू आईबापासंगं स्टेशनवरून आली ती चप्पल न काढता थेट टाकीजवळ. नाक काचेले चिकटवून उभी. "आबाजी, मासे कुठे लपलेत?"

"येऊन राहिले बाळा, रस्त्यात आहेत."

आणि खरंच पंकज आला! हातात थर्माकोलचा डबा. मिहू उड्या मारून राहिली. पंकजनं डबा खाली ठेवला, टॉर्च काढला आणि काचेचा कोपरान् कोपरा पाहू लागला. दगड उचलला, उलटा केला, त्याचा वास घेतला. मी हात मागं बांधून उभा. म्हटलं, आता शाबासकी येते.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "या दगडांले साबणाचा वास काहून येऊन राहिला?"

"साफ केले ना!"

"कधी?"

"अरे, काच तर रोज! दगड रविवारी. येत होतं ना ते तपकिरी, पण टिकू दिलं नाही म्या!"

पंकज मटकन सोफ्यावर बसला. बायकोनं आपणहून त्याले पाणी आणून दिलं.

"काका, ते तपकिरी यायचीच मी वाट पाहत होतो! ते आलं म्हणजे टाकी पिकत आली. काही दिवसांनी आपोआप जाते, मंग मासे सोडायचे. आणि माशांची घाण खाणारे जिवाणू त्या दगडांत राहतात. ते तुम्ही दर रविवारी उन्हात मारले!"

"मग... आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. आज मासे सोडले तर आठ दिवसांत मरतील."

डबा उचलून तो निघून गेला. मिहू रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त माझ्याकडं पाहून म्हणाली, "मग मी मैत्रिणींना काय सांगू?" खरं सांगतो, बत्तीस वर्षांत मले कोणत्या साहेबासमोर इतकी लाज वाटली नव्हती.

पण हार मानणारा माणूस मी नव्हे! तिले म्हटलं, "तू पंधरा दिवस आहेस ना? तू जायच्या आधी शेवाळ आणून दाखवतो. मैत्रिणींले फोटो दाखव, सांग, मासे येऊन राहिले." झालं! ज्यानं जन्मभर शेवाळ खरडलं, तो माणूस सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन शेवाळ शोधत बसला. दिवा जास्त वेळ ठेवला. काचेले हात लावाले बायकोले बंदी. अहो, मी शेवाळाशी गोड बोलून पाहिलं!

मिहू जायची त्या दिवशीची सकाळ. बायको देवपूजेले बसली होती. ती पूजेले बसली, की मी माझा चहा माझ्या हातानं करून टाकीसमोर बसतो. माझ्याच हातानं काहून, ते विचारू नका. तर भरलेला कप घेऊन धपकन बसलो आणि पाहतो तर काचेवर खालच्या बाजूले तपकिरी ठिपके! चांगले चार-पाच!

"आलं! आलं गा आलं!" मी असा ओरडलो, की बायको आरती सोडून धावत आली. मुलगा, सून, शेजारचे, सारे जमा. पंकजले व्हिडिओ कॉल लावला. तोही खूश. "अभिनंदन काका! जरा जवळून दाखवा."

मिहू फोटो काढाले खाली वाकली. ठिपक्यावर बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं आणि मी अडवायच्या आत चाटलं.

"आबाजी, हे बाहेरून आहे," ती म्हणाली. "आणि हा चहा आहे. किती गोड!"

फोनमधे पंकजनं कपाळावर हात मारला. आणि मले सहा वर्षांपासून शुगर आहे, हे ज्या बाईले पक्कं माहीत होतं, ती हातात आरतीचं ताट घेऊन माझ्याकडं पाहत होती.

"गोड?" ती म्हणाली.

टाकीत आजही मासे नाहीत, शेवाळाचा पत्ता नाही, आणि त्या दिवसापासून माझा चहा बायकोच करते.