बांधावर मांडलेली खुर्ची

आधी चहा संपवा. माझ्या अकलेचा हा किस्सा ऐकताना तो नाकातून बाहेर येतो, असा अनुभव आहे.

मी पुण्यात नोकरी करतो ती संगणकावर हवा वाहवण्याची. वारा कुठे वळेल, धूर कुठे जाईल, ते आधीच सांगायचं. आणि मला वाढवणाऱ्या मावशीची कार्ल्याला हायवेलगत कणसं भाजायची टपरी. तिथला धूर नेमका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत! त्यात इंदुरीहून मुलीचे वडील, आबा, मला बघायला तिथेच येणार होते. मुलगी मला मनापासून आवडली होती हो! म्हटलं, आता विद्या दाखवायची.

मी हवेचा हिशेब करायच्या दोन पद्धती एकत्र केल्या. टपरीच्या पत्र्याच्या भिंतीलगत एक, ती हवेची नुसती सरासरी काढते. मोकळ्यावर दुसरी, ती धुराचा एकेक भोवरा टिपते. आठवडाभर संगणक तापला आणि पत्र्यापासून दोन हातांवर एक जागा सापडली. एकदम शांत, धुराचा मागमूस नाही!

तिथेच खुर्ची मांडली. आबांना बसवून ऐटीत सांगितलं, इथे धूर येऊच शकत नाही.

मावशीने निखाऱ्यांवर कणसं ठेवली. धूर पत्र्यावर आपटला, वळला आणि अख्ख्या टपरीत एकट्या आबांना त्याने शोधून काढलं. ते भिडेपोटी उठेनात, मी "आत्ता थांबेल" म्हणत राहिलो. त्यांच्या डोळ्यांतून नुसत्या धारा!

शेजारच्या चिक्कीवाल्या काकूंनी ते पाहिलं. मुलीचा बाप रडतोय म्हणजे लग्न ठरलंच की! त्यांनी पाकीट फोडून मावशीच्या तोंडात चिक्की घातली, मावशीने आबांच्या. थांबलेल्या एसटीतल्या लोकांनाही वाटली.

आबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि विचारलं, चुकलं कुठं? मी खरं ते सांगितलं. दोन पद्धती जिथे जुळतात तिथे ही म्हणते भोवरे ती बघेल, ती म्हणते ही बघेल. म्हणून संगणकात तिथे भोवरेच उठले नाहीत.

"म्हंजी बांध दोगांचा, आन् गवत कुनीच काडंना," आबा म्हणाले. "आन् तुमी आमाला नेमकं बांधावर बसिवलं."

मी खाली मान घातली. म्हटलं, गेलं स्थळ.

"आता चिक्की खाल्लीया," ते म्हणाले, "न्हाई कसं म्हनू?"

लग्न झालं, सुखात आहे. सासुरवाडीला अजून चुलीवर रस्सा होतो. जेवणाआधी आबा बोट ओलं करून वारा बघतात आणि धूर जिथे जाईल तिथे जावयाचा पाट मांडतात. त्यांचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही.