मुणग्याच्या चढावरचा नवरदेव

आमच्या तोंडवलीत गुरुदासइतका फुशारक्या मारणारा मेकॅनिक दुसरा नाही. मुळात मेकॅनिकच दुसरा नाही, ही गोष्ट वेगळी. "दिवो पेटलो म्हणान बिघाडाचो कोड पुसूचो नाय, आधी वाचूचो!" हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती काढून ऐकवतो. देवगडला पार्टच्या दुकानात काउंटरवर बसणारी सृष्टी मात्र त्याला पुरून उरली. पार्ट मागवता मागवता फोनवरच दोघांचं जमलं.

लग्नाला निघालो तेव्हा मुंडावळ्या बांधून गुरुदासच गाडी चालवायला बसला. दुसऱ्याच्या हाती स्टेअरिंग देईल तर शपथ! शेजारी त्याची आई जानकीकाकू, मागे मी आणि आंब्याची पेटी. देवगडला आंबे घेऊन जाणारे शहाणे आम्हीच.

मुणग्याच्या चढावर इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी धापा टाकू लागली. हा मुहूर्त चुकला तर पुढचा थेट तुळशीच्या लग्नानंतर, असं भटजींनी बजावलं होतं. गुरुदासने सीटखालून कोड वाचायचा स्कॅनर काढला, स्टेअरिंगखाली खुपसला आणि घाबरून सरळ कोड पुसून टाकला. दहा पावलं गेलो असू, दिवा पुन्हा हजर!

तेवढ्यात सृष्टीचा फोन. गुरुदासने स्पीकर लावला.

"खंय आसस रे? कोड काय?"

"हवेचो. पी शून्य एक शून्य एक. पुसलंय, परत इलो."

"पुसलंस? लगीन लागूच्या आधीच मेंदू खंय ठेवलंस? फिल्टरची पेटी उघड!"

मी हसून हसून आंब्यांवर कोसळलो. गुरुदासने बॉनेट उघडलं आणि मुंडावळ्या कानामागे सारून फिल्टरच्या पेटीच्या क्लिपा काढल्या. आत इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर लाल फडक्यातली पोटली घट्ट चिकटून बसली होती. तांदूळ, सुपारी, देवीचा अंगारा.

काकूंचा चेहरा उतरला. "नजर लागूची नाय म्हणान ठेवलंय रे. भायर ठेवलेला तू काढून टाकतंस. पेटी उघडूक माका येता." मेकॅनिकच्या आईशिवाय ही चूक कुणाला जमणार? पण त्यांचे डोळे भरले, तसं माझं हसू जागीच थिजलं. पोराच्या लग्नात आपणच विघ्न आणलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

पोटली निघाली आणि गाडी अशी सुटली की आंबे माझ्या मांडीवर नाचू लागले. मांडवात शिरलो तेव्हा भटजी घसा खाकरत होते. वेळेत पोचलो! मंगलाष्टकांत मीच सगळ्यात मोठ्याने ओरडलो.

अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले. काकू मात्र पदरात पोटली लपवून खांबाआड उभ्या होत्या. सृष्टीची नजर त्यांना शोधत होतीच; चढावरचं सगळं तिने फोनवरून ऐकलं होतं. ती तरातरा गेली आणि गुरुदासकडे मान उडवत तिने हात पुढे केला.

"आये, ती माका देवा. हेका आता आपण दोघींनी सांभाळूचा आसा."