गैरहजेरीत गेलेल्या दोन लेव्हल

दिग्रसच्या बाजारात अक्षयच्या वडिलांचे कृषी केंद्र आहे. त्याच्या माडीवर, बियाण्यांच्या पोत्यांना टेकून, चार माणसे दर रविवारी दुपारी एक खेळ खेळत. बॅटऱ्या दुरुस्त करणारा शादाब गोष्ट सांगे. अक्षय, एसटीतला वाहक देवीलाल आणि अर्पिता त्या गोष्टीतले एकेक पात्र चालवत. अडचणीच्या जागी फासे टाकायचे. जे पात्र तगे, त्याची लेव्हल वर्षानुवर्षे चढत जाई.

अर्पिता रक्ततपासणीच्या कामावर कंत्राटी होती. दर अकरा महिन्यांनी करार संपे, नव्याने होई, आणि मागचा अनुभव कुठेच धरला जात नसे. खेळातल्या तिच्या पात्राची, काजळीची, आठवी लेव्हल मात्र कुणी पुसली नव्हती. नावाड्याची ही मुलगी तलवारीने वर आली नव्हती. नदीकाठच्या दोन भांडखोर गावांत समेट घडवून ती चढली होती. सर्वांत वरच्या लेव्हलचे पात्र पुढारी, वाट तेच ठरवणार, अशी गटाची रीत होती. आपण बोलावे आणि पुरुषांनी त्याप्रमाणे चालावे, असे अर्पिताच्या आयुष्यात अन्यत्र कुठे घडत नव्हते.

सासूच्या मोतीबिंदूसाठी यवतमाळला जावे लागले आणि तिचा एक रविवार चुकला. न आलेल्याचे पात्र दुसऱ्याने चालवावे, हीही रीतच. अक्षयने काजळीला भुयारात सर्वांच्या पुढे घातले. तिथल्या प्रेताचा स्पर्श आयुष्य शोषणारा होता. दोन लेव्हल गेल्या. काजळी सहाव्या लेव्हलवर आली. अक्षयचा सरदार सातव्या लेव्हलवर होता.

"मले विचारलं काहून नाही?" परतल्यावर अर्पिताने विचारले. "फोन होता ना."

"तिकडं तुह्या सासूचा डोळा उघडून ठेवला," अक्षय म्हणाला, "अन् मी इकडून विचारू का, ताई, तुले भुतानं धरलं, काय करू?"

देवीलाल पोत्यावर हात आपटून हसला. अर्पिताही क्षणभर हसली. मग शादाबकडे वळली.

"शादाबभाई, दिवाळीत याची लेव्हल गेलती, तवा तुम्ही देवळातला विधी काढला. पुढच्याच रविवारी परत भेटली. मलेही तसंच द्या. फुकट नाही मागत; विधीसाठी लागंल ते काजळी करंल."

"तवाची गोष्ट वेगळी होती, ताई."

"काय वेगळी?"

वेगळे काय, ते सर्वांना ठाऊक होते. दिवाळीत अक्षयने फासे भिरकावून शटरची किल्ली हातात घेतली होती. जागा त्याची होती.

"देवीलालभाऊ, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? खेळच तर आहे. होऊ द्या न बाप्पा पुढं."

"खेळच आहे, तर देऊन टाका ना मंग."

अन्यायाला नियमाचे नाव मिळाले की तो करणाऱ्याला आवाजही चढवावा लागत नाही. "नियम म्हणजे नियम, ताई," शादाब अगदी मायेने म्हणाला, आणि गोष्ट पुढे सुरू झाली.

गोष्टीत ते काजळीच्याच घाटावर पोहोचले. अक्षयच्या सरदाराने नाव ताब्यात घेतली: ज्या गावाची भेट मोठी, त्याचीच माणसे पार जातील.

"असं केलं तर दोन्ही गावं पुन्हा एकमेकांवर उठतील," अर्पिता म्हणाली. "किती मुश्किलीनं बसवलं होतं ते!"

"ठरवणार कोण आता? तू मागं चालाची, ताई."

शादाबने तिच्याकडे पाहिले. "काजळी काय करते?"

"नावेतून उतरते. गावातच राहते."

"पण गोष्ट तर इकडं जाऊन राह्यली. तू कशी खेळशील मंग?"

"जाऊ द्या तिकडं."

काजळीच्या मागे गावात जायला शादाबला कुणी अडवले नव्हते. गोष्ट त्याच्याच हातात होती. त्याने फासे देवीलालपुढे सरकवले. देवीलालने ते टाकले आणि उचलून सरळ अक्षयला दिले.

चहा आला तेव्हा पहिला कप अर्पितालाच मिळाला. ती संध्याकाळपर्यंत बसून होती. फासे तिच्यापुढे आले नाहीत.